अल्टो २००८: वळणानंतर स्टेअरिंग परत येत नाही, पुढून ‘ठण्ण’. रॅक गेला की शॉकरचं माउंटिंग?

कोयनाकाठ (कराड)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. गाडी अल्टो एलएक्स, २००८ ची, पॉवर स्टेअरिंग नाही, १ लाख १८ हजार किमी झालेत. बाबांनी घेतलेली, पहिली दहा वर्षं कराड-पाटण आणि लग्नसराई एवढंच फिरली, आता माझ्याकडे आहे. १५ वर्षं झाल्यावर आरटीओत जाऊन पासिंग परत करून आणलंय, त्यामुळे ‘विकून टाक आणि नवीन घे’ वाल्यांनी कृपया दुसरा धागा बघावा.

त्रास असा. गाडी उभी असताना, म्हणजे पार्किंगमधून काढताना वगैरे, स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की अर्ध्यावर गेल्यावर पुढून डाव्या बाजूने ‘ठण्ण’ असा आवाज येतो. जुन्या लोखंडी पलंगावर कुणी धपकन बसलं की येतो ना, तसाच. परत उजवीकडे आणलं की पुन्हा एकदा. दुसरं म्हणजे मागच्या महिन्यात कुंभार्ली घाटातून चिपळूणला गेलो तेव्हा लक्षात आलं की वळण संपल्यावर स्टेअरिंग सैल सोडलं तरी ते आपणहून सरळ होत नाही, आहे तिथंच बसून राहतं, हाताने ओढून आणायला लागतं. आणि सरळ रस्त्याला गाडी कधी इकडं कधी तिकडं, सारखी धरून ठेवावी लागते. बायको शेजारी डॅशबोर्डला हात लावून बसली होती, बोलली काही नाही पण कळत होतं. तिसरं, स्पीडब्रेकरवरून उतरताना डाव्या बाजूला ‘धप्प’.

एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी गाडी वर घेतली, चाकं धरून हलवली आणि पाच मिनिटांत ‘रॅक गेलाय’ म्हणून सांगितलं, म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणारी ती दात्यांची पट्टी. रॅक, मजुरी, अलाइनमेंट मिळून साडेआठ हजार. दुसऱ्याकडे नेली तर तो म्हणाला जुनी गाडी आहे, आवाज करणारच, टेप मोठा लावा. ऑफिसातला एक जण म्हणतो शॉकरच्या वरचं माउंटिंग गेलं की हेच सगळं होतं. आता ते माउंटिंग तपासायचं कसं? माझ्याकडे जॅक, पाना-सेट आणि एक भाचा आहे.

---

गंजपत्रा (रत्नागिरी)

भाचा आहे म्हणजे निम्मं काम झालं, हे दोन माणसांचंच काम आहे.

आधी आत काय असतं ते सांगतो म्हणजे पुढचं सोपं जाईल. पुढचा शॉकर खाली नकलला, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या जाड लोखंडी भागाला, दोन बोल्टांनी धरलेला असतो आणि वर बॉनेटखाली जो पत्र्याचा उंचवटा दिसतो, टॉवर म्हणतात त्याला, तिथे माउंटने बसतो. तुम्ही स्टेअरिंग फिरवता तेव्हा फक्त चाक फिरत नाही, नकलबरोबर शॉकरची नळी, तिच्यावरची स्प्रिंग, सगळं गोल फिरतं. वरचा टॉवर मात्र बॉडीचा, तो कुठे फिरणार. मग फिरणारं आणि न फिरणारं यांच्या मध्ये कुणीतरी पाहिजे, ते म्हणजे माउंटमधलं बेअरिंग. आणि रस्त्याचा दणका बॉडीला थेट लागू नये म्हणून त्याच माउंटमध्ये लोखंडाला चिकटवलेलं जाड रबर. म्हणजे एका वाटीएवढ्या वस्तूत दोन कामं, आणि दोन्ही वेगवेगळी बिघडतात. रबर फाटलं की धप्प, बेअरिंग जाम झालं की ठण्ण.

ठण्ण का होतो तर बेअरिंग फिरत नाही म्हणून स्प्रिंगचं वरचं टोक अडकून राहतं, खालचं टोक चाकाबरोबर फिरत जातं, स्प्रिंगला पीळ बसतो, बसतो, आणि सहन होईना झालं की वरचं टोक झटक्यात सुटतं. तोच तुमचा पलंग. आणि तोच पीळ चाकाला मागे किंवा पुढे ढकलत राहतो म्हणून स्टेअरिंग सरळ येत नाही. एरवी चाक आपोआप सरळ होतं ते कॅस्टरमुळे, म्हणजे चाकाच्या वळण्याच्या रेषेला दिलेल्या मागच्या झुकावामुळे, किराणा दुकानातल्या हातगाडीचं पुढचं चाक ढकललं की कसं सरळ होतं तसं. पिळाने ती ओढ खाल्ली की स्टेअरिंग मेल्यासारखं.

आता तपासणी. गाडी सपाट जागेवर, चारही चाकं जमिनीवर, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड. जॅक लावायचा नाही अजून. इंजिन बंद, चावी फक्त लॉक सुटेल एवढीच फिरवा, म्हणजे फॅन वगैरे अचानक सुरू व्हायची भानगड नको. भाच्याला आत बसवा. तुम्ही चाकाच्या वरून मडगार्डच्या फटीत हात घाला आणि स्प्रिंगच्या एका वेढ्यावर बाहेरून तळवा टेकवा. नुसता टेकवायचा, बोटं दोन वेढ्यांच्या मध्ये अजिबात घालायची नाहीत, हे दोनदा वाचा. आता भाच्याला सांगा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरव. चांगल्या बाजूला स्प्रिंग तुमच्या हाताखालून एकसारखी सरकत जाते, दह्यात पळी फिरवल्यासारखी. खराब बाजूला ती थांबते, हाताला ताण जाणवतो, आणि मग टुणकन उडी मारते. आधी उजवी बाजू बघा, मग डावी, म्हणजे फरक हाताला कळेल. आवाजावर जाऊ नका, पत्र्यातून आवाज कुठूनही कुठे जातो.

---

एक_नंबर_पाना

एवढं कशाला करताय, बॉनेट उघडा, माउंटच्या टोपीखाली डब्ल्यूडी फॉर्टी मारा भरपूर, आठ दिवस आवाज बंद. माझ्या झेनला दोन वर्षं असंच चाललंय.

---

गंजपत्रा (रत्नागिरी)

@एक_नंबर_पाना भाऊ, आठ दिवस आवाज बंद आणि नवव्या दिवशी? ते स्प्रे बेअरिंगमधलं उरलंसुरलं ग्रीस धुऊन काढतं, आणि तेल बसून बसून रबर फुगतं, मऊ पडतं. आवाज गेला म्हणजे बिघाड गेला असं नाही ना. फार तर निदानासाठी एकदा मारा, आवाज बदलला तर कळतं की दुखणं तिथंच आहे. बाकी तुमची झेन, तुमची मर्जी.

---

पाटेवाले काका (सातारा)

एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली, निवृत्त होऊन नऊ झाली. आमच्या गाड्यांना पाटे, म्हणजे एकावर एक पट्ट्यांची स्प्रिंग, त्यामुळे शॉकर आणि स्प्रिंग एकत्र असलेलं हे स्ट्रट प्रकरण आम्हाला नवीनच होतं. पूर्वी रस्त्यावर गाड्या दोनच, अँबॅसिडरला पुढे टॉर्शन बार (पीळ खाणारी सळई), फियाटला विशबोन (दुबेळकी आर्म) आणि स्प्रिंग. मग ८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि घरोघरी हे मॅकफर्सन स्ट्रट पोचलं. अर्ल मॅकफर्सन नावाचा अमेरिकन इंजिनियर, त्याची ही कल्पना, १९५० च्या फोर्ड कॉन्सुलमध्ये विलायतेत आली होती. म्हणजे आपल्याकडे यायला तेहेतीस वर्षं लागली, असो.

सांगायचं ते वेगळंच. कोयनाकाठ, तुम्ही पाना-सेट आहे असं लिहिलंय म्हणून मुद्दाम टाईप करतोय, मला वेळ लागतो. टॉवरच्या मधोमध जो मोठा नट दिसतो, शॉकरच्या दांड्यावरचा, त्याला गाडीवर असताना हात लावायचा नाही. बघायचा, खोलायचा नाही. त्या नटाने स्प्रिंग दाबून धरलेली असते. अल्टोसारख्या हलक्या गाडीच्याही पुढच्या एका चाकावर दोन-सव्वादोनशे किलो येतात, ते पेलणारी स्प्रिंग आहे ती. ८४-८५ साली आमच्या गल्लीत एका पोराने ‘काय होतंय’ म्हणून स्ट्रट बाहेर काढून नुसत्या पान्याने तो नट सोडवला. माउंट शेडच्या पत्र्याला भोक पाडून गेलं. पोरगं वाकलेलं नव्हतं म्हणून वाचलं. पुढे त्याने गॅरेज काढलं आणि तो भोक पडलेला पत्रा तिथं टांगून ठेवला होता, गिऱ्हाइकं विचारायची.

आता वरून काय बघायचं ते. बॉनेट उघडा, माउंटवर रबरी टोपी असेल तर काढा. एकाला मडगार्डवर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी खाली-वर करू दे. तुम्ही अंगठा असा ठेवा की अर्धा टॉवरच्या पत्र्यावर आणि अर्धा माउंटच्या रबरावर. रबर थोडं दबणार, त्याचं कामच आहे ते. पण मधला भाग टॉवरपासून सुटून टकटक करत असेल, किंवा रबर आणि लोखंड यांच्या मध्ये गोल चीर दिसत असेल, चिरेतून लालसर गंजाची भुकटी आली असेल, तर माउंट संपलं. दोन्ही बाजू शेजारी शेजारी बघा. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त वर आलेली दिसली तरी समजा.

आणि एक, टॉवरचा पत्रा नीट बघा. माउंट मिळेल बाजारात, टॉवर नाही मिळणार. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने कडेने ठोकत जा. टणटण वाजला तर ठीक, भदभद वाजला तर आत गंज आहे. त्यावर लांबी-रंग लावून फसवू नका स्वतःला, कापून वेल्डिंगच लागतं.

---

रोहिणी_के (पुणे)

काकांचं मधल्या नटाबद्दलचं वाक्य मोठ्या अक्षरात छापून प्रत्येक गॅरेजमध्ये लावायला हवं.

मी ऑटो कंपोनंटमध्ये काम करते, ब्रेकवाली आहे, सस्पेन्शन माझा विषय नाही, पण स्वतःच्या जुन्या गाडीत हात घालायची सवय आहे. इथे थोडं सावध करते. तुमच्या तीन तक्रारी आहेत आणि त्या तिन्हींचं कारण एकच असेल असं धरून चालू नका. स्टेअरिंग परत न येणं हे माउंटच्या बेअरिंगमुळे होतं तसंच खालचा बॉल जॉइंट (नकल आणि खालचा आर्म जोडणारा गोळ्याचा सांधा) सुकला तरी होतं, स्टेअरिंगच्या दांड्याचा जॉइंट गंजला तरी होतं, रॅक खूप टाइट केला असेल तरी होतं, आणि हो, हवा कमी असली तरी होतं. १४५/८० आर १२ चा चिमुकला टायर आहे, पॉवर स्टेअरिंग नाही, पाच-सहा पाउंड हवा उतरली तरी हाताला लागते. ते आधी बघून घ्या, फुकट आहे.

धप्प आवाजाला तर दहा बाप. लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या खालच्या आर्मच्या सांध्यातली रबरं), बॉल जॉइंट, शॉकर स्वतःच. आणि वळताना गाडी चालती असेल तेव्हा कट-कट-कट-कट असं चाकाच्या वेगाबरोबर वाजलं तर ते ॲक्सलचं, माउंटचा संबंध नाही. तुमचा आवाज गाडी उभी असताना, एका फिरवण्यात एकदाच येतो, म्हणून मीसुद्धा माउंटवरच बोट ठेवेन, पण रॅक नाहीच असं कराडला न येता कसं म्हणू.

आधी तळहातवाली चाचणी करून इथे लिहा. शॉकर कधी बदलले होते तेही लिहा.

---

कोयनाकाठ (कराड)

सगळ्यांचे आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. काका, तुम्ही तर खास.

रविवारी सकाळी केलं. हवा आधी बघितली, बरोबर होती. उजवी बाजू: स्प्रिंग खरंच हाताखालून गुळगुळीत जाते, थोडी खरखर लागते पण अडकत नाही. डावी बाजू: भाच्याने फिरवायला सुरुवात केली, पाव एक फेरा काहीच नाही, स्प्रिंग जागची हलेना, आणि मग एकदम हाताला झटका आणि ठण्ण. मी हात असा मागे ओढला की कोपर मडगार्डला आपटलं. भाचा आतून विचारतोय ‘मामा, तुटलं का काही?’

वर बघितलं तर डाव्या बाजूची टोपीच नाही. माउंटच्या खोलगट भागात वाळलेला चिखल, झाडाची पानं, आणि त्याखाली पाणी साचल्याचा डाग. उजवीकडची टोपी आहे, आत स्वच्छ. रबराची चीर मला नक्की सांगता येत नाही, गंजाचा रंग मात्र कडेने आहे. भाच्याने वरून दाबलं तेव्हा अंगठ्याला टक असं लागतं, उजवीकडे नाही लागत. टॉवर टणटण वाजतोय, काका.

शॉकर ८० हजार किमीला दोन्ही पुढचे बदललेत. बिल सापडलं, त्यात माउंटिंग नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, ‘चांगलं होतं म्हणून तेच बसवलं त्यांनी, उगाच खर्च कशाला.’ म्हणजे माउंट २००८ चंच आहे.

आता प्रश्न. गॅरेजवाला अजून रॅकवरच अडून बसलाय. म्हणतो माउंट बदला हवं तर, पण स्टेअरिंग नाही परतलं तर मग माझ्याकडेच याल. त्याला काय सांगू?

---

रोहिणी_के (पुणे)

त्याला काही सांगू नका, त्याच्याकडून एक अर्ध्या तासाचं काम करून घ्या आणि त्याची मजुरी द्या. पुढची दोन्ही चाकं वर घ्यायची, गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), नुसत्या जॅकवर नाही. दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड, म्हणजे रॅककडून चाकाकडे येणाऱ्या दांड्यांची टोकं, नकलपासून सोडवायचे. स्प्लिट पिन काढायची, नट सैल करायचा, पुलरने जॉइंट सुटा करायचा, हातोड्याने थ्रेड चेपून नाही. आता स्टेअरिंग आणि चाकं यांचा काडीमोड झाला.

मग आधी स्टेअरिंग फिरवा. हे नुसतं रॅक आणि स्टेअरिंगचा दांडा. ते एका बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं गेलं तर रॅक निर्दोष. कुठे अडकलं, खरखरलं, मध्येच जड झालं तर गॅरेजवाल्याचं बरोबर. नंतर प्रत्येक चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे वळवा. हे नुसतं माउंटचं बेअरिंग आणि खालचा बॉल जॉइंट. या दोघांत भांडण लागलं तर स्प्रिंगकडे बघा. बॉल जॉइंट जाम असेल तर चाक जड जातं पण स्प्रिंग बिचारी त्याच्याबरोबर मुकाट फिरते. माउंट जाम असेल तर स्प्रिंग पीळ खाते आणि उडते.

चाक हवेत असल्याने माउंटवर गाडीचं वजन नसतं, मग बेअरिंग खोटं चांगलं वाटणार नाही का, असं कुणीतरी विचारणारच, म्हणून सांगते. वजन नसलं तरी स्प्रिंग आतल्या आत दाबलेलीच असते, तिचा दाब बेअरिंगवर राहतो. थोडं सोपं जाईल एवढंच. जमिनीवर जे तुमच्या हाताला लागलं ते वरही लागेल.

आणि माउंट घ्यायचं ठरलं तर दोन्ही बाजूंचं घ्या.

---

एक_नंबर_पाना

उजवं चांगलं आहे असं तो स्वतःच म्हणतोय की. मग दोन कशाला? कंपन्यांत काम करणाऱ्यांना दुसऱ्याचे पैसे दिसत नाहीत.

---

रोहिणी_के (पुणे)

उजवंही १७ वर्षांचं आहे आणि ‘थोडी खरखर’ त्यानेच लिहिलीय. शॉकर उतरवायचा, स्प्रिंग दाबायची, परत चढवायचं, अलाइनमेंट करायची, हे सगळं सहा महिन्यांनी पुन्हा. माउंटच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त जाते दादा. ज्याला एकच बदलायचंय त्याने बदलावं, गाडी काही पडत नाही.

---

लेस्टरचा_बाळू

मी इंग्लंडात लेस्टरला असतो, मूळ इस्लामपूरचा. इथे तीन वर्षांपुढच्या प्रत्येक गाडीची दरवर्षी एमओटी म्हणून सरकारी तपासणी असते, त्यात पुढची चाकं फिरत्या तबकड्यांवर उभी करून स्टेअरिंग वळवून बघतात, नेमकं तुमच्या तळहातवाल्या चाचणीसारखं. त्यांच्या कागदावर माझ्या गाडीच्या माउंटबद्दल ‘लक्ष ठेवा’ असा शेरा आला होता तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की असला पार्ट असतो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने माउंट तर जातंच, स्प्रिंगचं खालचं टोकसुद्धा तुटतं आणि तुकडा तिथंच सीटवर पडून राहतो, दिसतही नाही. स्ट्रट उतरवलाच आहे तर स्प्रिंगचा शेवटचा वेढा घासून, गंज काढून बघा. कोकणातल्या गाड्यांना तर नक्कीच.

---

गंजपत्रा (रत्नागिरी)

बाळूशेठ, कोकणातल्या गाडीला मीठ टाकायला लागत नाही, हवाच पुरते. माझं नाव उगाच गंजपत्रा नाही.

कोयनाकाठ, काम करून घेताना शेजारी उभे राहा आणि या गोष्टी डोळ्यांनी बघा. नकलचे दोन बोल्ट सोडवण्याआधी रंगाने किंवा खडूने खूण. स्प्रिंगला दोन कॉम्प्रेसर समोरासमोर, दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळत जायचे, एकच बाजू आवळली की स्प्रिंग वाकडी होऊन निसटते. कॉम्प्रेसर नाही, तारेने बांधतो म्हणाला तर गाडी घेऊन घरी या, खरंच या. शॉकरचा दांडा चमकता असतो, त्याला पकडीने धरून नट फिरवला की दांड्यावर ओरखडा, आणि तो ओरखडा सीलमधून वर-खाली जाऊन महिन्याभरात तेल बाहेर. तुमचे शॉकर चांगले आहेत ते असे मारू नका. बेअरिंगला वरची आणि खालची बाजू असते, खोलण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, उलटं बसवलेलं मी तीनदा बघितलंय आणि एकदा ते मीच बसवलं होतं. स्प्रिंगचं टोक सीटच्या खाचेत नीट टेकलं पाहिजे. मधला नट नवा, जुना परत नको. आणि आत बंप स्टॉपचा रबर आणि धुळीचं कव्हर असतं, भुगा झालेलं असणार, तेही आत्ताच. पार्ट कराडला नाही मिळाला तर पुण्यात नाना पेठेत मिळतोच, कुणी येत-जात असेल तर मागवा.

---

पाटेवाले काका (सातारा)

टोपी विसरू नका. तीस-चाळीस रुपयांची वस्तू. सगळं रामायण तिच्यामुळेच झालंय.

---

कोयनाकाठ (कराड)

दहा दिवसांनी लिहितोय, माफी असावी, गणपतीत अडकलो.

तिसऱ्याच एका मिस्त्रीकडे गेलो, बाबांच्या ओळखीतले, वयस्कर. त्यांना टाय रॉड सोडवून बघू म्हटलं तर आधी चष्म्यावरून बघत बसले, मग म्हणाले, ‘कुणी सांगितलं तुम्हाला हे? बरोबर सांगितलंय.’ सोडवलं. स्टेअरिंग खरोखर एका बोटाने फिरलं. मी फिरवलं, भाच्याने फिरवलं, मिस्त्रींच्या नातवानेही फिरवलं. रॅकमध्ये काही नाही. उजवं चाक हाताने सहज. डावं चाक अडकलं, जोर दिला, आणि ठण्ण. चाकं मोकळी असताना तो आवाज एवढा मोठा येतो की रस्त्यावरचा माणूस वळून बघतो. साडेआठ हजार डोळ्यांसमोरून गेले.

माउंट काढल्यावर मिस्त्रींनी ते माझ्या हातात दिलं. बेअरिंग फिरवून बघ म्हणाले. फिरेचना, एकच लोखंडाचा गोळा असल्यासारखं. टेबलावर आपटल्यावर त्यातून चहाच्या गाळासारखं तपकिरी काहीतरी पडलं, त्यात दोन-तीन छर्रे चेपलेले. रबर वरून बरं दिसत होतं पण उलटं केल्यावर लोखंडापासून निम्म्या गोलात सुटलेलं, नखाने उचललं तर उचलत होतं. वरून बघून मला चीर नक्की सांगता आली नव्हती ती का, ते तेव्हा कळलं. उजव्याचं बेअरिंग फिरत होतं पण वाळूत फिरवल्यासारखं, तेही बदललं. बाळूभाऊ, स्प्रिंगची टोकं घासून बघितली, शाबूत आहेत, रंग मारून घेतला.

मजा म्हणजे बसवताना नातवाने डावं बेअरिंग उलटंच ठेवलं होतं. मी फोटो दाखवला. आजोबांनी नातवाकडे बघितलं, नातवाने माझ्याकडे, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

दोन माउंट, दोन बंप स्टॉप, कव्हरं, नवे नट, मजुरी, अलाइनमेंट सगळं धरून ३ हजार ४०० झाले. आणि दोन टोप्या. स्टेअरिंग आता वळणानंतर हातातून आपोआप सरकत परत येतं, इतकं की पहिल्या दिवशी दचकलो. ठण्ण पूर्ण बंद. धप्पचा मात्र ‘टप’ झालाय, गेलेला नाही. मिस्त्री म्हणाले लोअर आर्मचा डावा बुश, पहारीने दाबून दाखवलाही, पुढच्या महिन्यात करू.

---

रोहिणी_के (पुणे)

वा! बुश बदलताना त्याचा शेवटचा आवळ गाडी चाकांवर उभी असताना द्यायला सांगा, चाकं लोंबकळत असताना आवळला की रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षात परत फाटतं. आणि त्यानंतर अलाइनमेंट पुन्हा तपासून घ्यावी लागेल, एकदम केलं असतंत तर ती मजुरी वाचली असती.

---

कोयनाकाठ (कराड)

ताई, हे दहा दिवस आधी सांगायचं ना 😅

---

एक_नंबर_पाना

माझ्या झेनमधून काल ठण्ण आला. टोपी आहे का बघायला गेलो, नाहीये. पार्ट नंबर असेल तर टाका कुणीतरी.